गावातले वीरगळ, शिलालेख नोंदवताय? या चुका टाळा

मारुतीच्या पारामागे किंवा विहिरीच्या कडेला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, दिसला की हात आपोआप मोबाइलकडे जातो. जायलाच हवा. सुट्टीच्या दिवशी उन्हातान्हात फिरून नोंदी करणाऱ्या पोरापोरींमुळे यातले कितीतरी दगड उजेडात येताहेत. पण घाईत झालेल्या काही चुका नंतर निस्तरता येत नाहीत.

सगळ्यात वाईट चूक दगडावरच होते. अक्षर लागत नाही म्हणून खडू, चुना, पीठ नाहीतर तेल फासलं जातं. खडू खाचेत जाऊन बसतो, पिठाला मुंग्या लागतात, तेलावर धुळीचा थर चढतो. तारेच्या ब्रशने घासलं, तर झिजत आलेली वेलांटी कायमची जाते. खरं तर अडचण बहुतेक वेळा उजेडाची असते. दिवस मावळल्यावर जा आणि बॅटरी दगडाच्या कडेला जवळजवळ टेकवून उजेड आडवा सोडा. खाचांमध्ये सावली भरते आणि दुपारी सपाट दिसलेल्या दगडावर ओळी उमटतात. बॅटरी डावीकडून, उजवीकडून, वरून धरून वेगवेगळे फोटो घ्या. एकात न दिसलेला काना दुसऱ्यात सापडतो. एका फोटोत मोजपट्टी ठेवा. आणि दगड उचलून ‘नीट’ जागी मांडू नका, तो जिथे आहे ती जागाही पुरावाच आहे.

दुसरी चूक सनाची. लेखातल्या शकात (शालिवाहन शकाच्या वर्षात) 78 मिळवले की इसवी सन, एवढंच पाठ असतं. पण शक गुढीपाडव्याला बदलतो. शिवरायांचा जन्म फाल्गुन वद्य 3, शके 1551 चा. 78 मिळवले तर 1629 येतं, आणि तारीख तर 19 फेब्रुवारी 1630 आहे. म्हणजे जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला 79 मिळवायचे. लेखात संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव असेल तर ताळा जरूर करा. राज्याभिषेकाचा शके 1596 हा आनंदनाम संवत्सर. शक आणि नाव जुळत नसेल, तर एखादा आकडा चुकीचा वाचलाय का ते आधी बघा.

ओळखीतही गफलत होते. प्रत्येक वीरगळ मावळ्याचा नसतो. शिवकाळाच्या कितीतरी आधीच्या शिलाहार-यादव राजांच्या काळातलेही पुष्कळ आहेत. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरली आहे. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला की ‘देवीचा हात’ लिहून मोकळे होतात, ती सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा दगड असते. गधेगळ, म्हणजे गाढव आणि बाईचं चित्र कोरलेला दानाचा दगड, पाहून काहीजण अश्लील म्हणून फोटो काढायचाच टाळतात. ते चित्र म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेला शाप आहे, आणि वरचे चंद्र-सूर्य म्हणजे ते असेपर्यंत दान टिकावं ही इच्छा. अलिबागजवळच्या अक्षीचा प्रसिद्ध मराठी शिलालेख गधेगळावरच आहे.

गावकरी त्या दगडाला काय म्हणतात, पूजा कधी करतात, हे त्यांच्याच शब्दांत लिहा. तुमचा अर्थ वेगळ्या ओळीत. शेंदूर लावलेल्या दगडाला हात लावण्याआधी पुजाऱ्याला किंवा गावातल्या जाणत्यांना विचारा. कोणाच्या घरातला ताम्रपट (तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला लेख) किंवा जुनी मूर्ती असेल, तर घरमालकाचं नाव आणि नेमकं ठिकाण जगजाहीर करू नका, चोराला आयता पत्ता मिळतो. फोटोतली जागेची माहितीही काढून टाका.

आणि लेख लागला नाही, तर अंदाजाने शब्द भरू नका. तुटलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं द्या, सगळे फोटो जोडा आणि खाली स्वच्छ लिहा: ‘वाचन बाकी’.