ग्विन्लिउ राजाच्या मागावर एक दिवस

वेल्समधल्या न्यूपोर्टला आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना आधी एक नाव म्हणायला शिकवते: ग्विन्लिउ. ‘ल’साठी जीभ नेहमीच्या जागी टेकवायची, पण आवाज न काढता कडेने नुसती हवा सोडायची. पाच-सहा वेळा केलं की जमतं. इंग्रजीत याच नावाचं ‘वुलोस’ झालं, म्हणून पाट्यांवर ‘सेंट वुलोस’ शोधा.

स्टेशनवरून चालत वेस्टगेट हॉटेलच्या जुन्या इमारतीशी या आणि स्टो हिलचा चढ धरा. दम लागतो, तेव्हा थांबत थांबत गोष्ट सांगायची. हा दीड हजार वर्षांपूर्वीचा लढवय्या राजा. ब्रखन राजाची लेक ग्लॅडिस त्याने पळवून आणली, असं जुनी चरित्रं सांगतात. त्यांचा मुलगा कॅडोक संत झाला आणि त्यानेच आईवडिलांना तपाच्या वाटेला लावलं. मग राजाला दृष्टान्त झाला: टेकडीवर कपाळी काळा ठिपका असलेला पांढरा बैल भेटेल, तिथेच राहा. आपल्या चांद्याच्या बरोब्बर उलट! आजोबांच्या दावणीला चांद्या होता, त्यामुळे हा संत मला पहिल्यापासून घरचा वाटला.

टेकडीवरच्या कॅथेड्रलमध्ये बुरुजाखालून आत शिरलात की लगेच वेदीकडे जाऊ नका. आधी मेरीचं छोटं चॅपेल लागतं. राजाने बांधलेलं पहिलं देऊळ इथेच होतं, अशी श्रद्धा आहे. इथे निवांत बसा. समोरची नॉर्मन कमान बघा. तिचे खांब रोमन असून जवळच्या कर्लीअनहून आणले, असं सांगतात. मी दरवेळी त्या खांबांपाशीच रेंगाळते. 29 मार्चला, म्हणजे संताच्या दिवशी, येता आलं तर उत्तमच.

बाहेरच्या आवारात क्षणभर उभे राहा. 4 नोव्हेंबर 1839 रोजी मताचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट आंदोलकांवर खाली वेस्टगेटपाशी गोळ्या झाडल्या गेल्या. त्यातल्या दहा जणांना रात्री इथे निनावी पुरलं.

दुपारी गाडी काढून वेंटलूगला जा. न्यूपोर्ट आणि कार्डिफमधल्या या सपाट, समुद्रकाठच्या पट्ट्याचं वेल्श नाव ग्विन्लूग, म्हणजे राजाचंच. सेंट ब्राइड्सच्या चर्चमध्ये जुन्या महापुराची खूण कोरलेला दगड आहे, तो आधी बघा. मग समुद्राच्या बांधावर चढा. बूट जुने घाला, चिखल भरपूर असतो.