पहाटे घरच्यांनी उठवायचं ठरलं असेल तर

साताऱ्यात ज्या घरात पोलीस भरतीची तयारी चालू आहे, तिथं पहाटेचा गजर पोराच्या फोनात असो-नसो, आईच्या डोक्यात असतोच. सव्वापाचला शाहू स्टेडियमवर पळायला पोचायचं तर साडेचारला हाक पाहिजे. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण मुलांच्या १६०० मीटर धावण्याला, मुलींना ८०० मीटरला. तेव्हा सरावाची एकेक पहाट मोलाची, आणि घरच्यांची मदत घेण्यात लाजायचं कारण नाही. फक्त झोपता झोपता ‘आई, उद्या उठव गं’ एवढं पुटपुटून भागत नाही.

आधी माणूस नीट निवडा. जो आपल्या कामासाठी त्या वेळेला उठतोच, त्यालाच हे काम सांगायचं. आजी चारलाच जागी असते खरी, पण ती ‘झोपू दे लेकराला घटकाभर’ म्हणत वाकळ आणखी वर ओढून जाते. एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेल्या दादाला तर विचारूसुद्धा नका. वडील हमखास उठवतात, पण त्यांच्या हाकेनं शेजारचेही उठतात. माझ्या मते धाकटी बहीण सगळ्यात खात्रीची. तिला दयामाया नसते, फक्त मोबदला आधी ठरवून घ्यावा लागतो.

मग वेळ सांगा, आणि ती जेवणं होताना समोर बसून सांगा. रात्री साडेअकराला पाठवलेला मेसेज आई सकाळी चहा पिताना बघणार. ‘लवकर उठव’ म्हणजे काहीच नाही. साडेचार म्हणजे साडेचार. कशासाठी उठायचंय तेही सांगा, म्हणजे उठवणाऱ्याला किती नेट लावायचा ते कळतं. रोजचा सराव असेल तर एखादी हाक कमी पडली तरी चालेल. पण पुण्याला परीक्षा असेल आणि स्वारगेटची पहाटेची एसटी धरायची असेल, तर निघायच्या वेळेपासून मागं मोजत या: स्टँडवर पोचणं, अंघोळ, डबा, आणि खंबाटकीत गाडी अडकली तर हाताशी थोडा जास्तीचा वेळ.

खरी मेख पुढं आहे. उठवणारा हाक मारतो, पलीकडून ‘उठलो गं’ असं ठणठणीत उत्तर येतं, आई स्वयंपाकघरात जाते, आणि सहा वाजता घरात भांडण लागतं. ‘मला कुणी उठवलंच नाही’ म्हणणारा खोटं बोलत नसतो बऱ्याचदा. गाढ झोपेतून एकदम जागं केलं की मेंदू पुरता जागा व्हायला वेळ घेतो. साधारण पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तासही. त्या गुंगीत माणूस बोलतो, गजर बंद करतो, आणि परत झोपला तर यातलं त्याला काही आठवत नाही. म्हणून ‘उठला’ कशाला म्हणायचं, हे रात्रीच ठरवा. पडल्या पडल्या दिलेलं उत्तर धरायचं नाही. पाय जमिनीला लागले, ट्यूब लागली, मोरीत पाण्याचा आवाज आला की मगच उठवणाऱ्याची सुटका. जानेवारीत आपल्याकडं सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, तेव्हा साडेचारला खोलीतला दिवा लावणं हाकेइतकंच महत्त्वाचं, कारण शरीराला सकाळ झाल्याचं मुख्यतः उजेडावरून कळतं.

परवानग्याही आधीच देऊन ठेवा. पांघरूण ओढलं तर चालेल का? पंखा बंद केला तर? तोंडावर पाणी मारायचं का? (माझं उत्तर नाही, त्यानं दिवसाची सुरुवात शिव्यांनी होते.) जे कबूल केलं त्यावर पहाटे चिडायचं नाही. आणि खोलीची कडी आतून लावून झोपू नका. बाहेरून दार वाजवून उठवणं म्हणजे सगळ्या घराची झोपमोड.

आता उठवणाऱ्याकडं बघू, कारण सगळ्या तयारीत नेमकं हेच राहून जातं. १९९९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी काही जणांना एका रात्री सांगून ठेवलं की तुम्हाला सहाला उठवू, दुसऱ्या रात्री त्यांनाच सांगितलं नऊला. सहाची वाट बघत झोपले त्या रात्री त्यांच्या रक्तात, शरीराला जागं व्हायला तयार करणाऱ्या एका संप्रेरकाचं प्रमाण सहाच्या आधी तासभर वाढू लागलं होतं. नऊ सांगून अचानक सहाला उठवलं त्या रात्री तसं झालं नाही. वेळ मनात धरून झोपलं की झोपेतही शरीर वेळेचा हिशेब ठेवतं, असा त्याचा अर्थ. आपल्या घरात ती वेळ कोण मनात धरून झोपतं? आई. म्हणून ती साडेतीनलाच डोळे उघडून घड्याळ बघते आणि तुम्ही निवांत घोरता. तेव्हा वेळ तिच्यावर सोपवा, पण स्वतःच्या मनातूनही काढू नका. तुमचा गजर पहिला, तिची हाक त्यानंतर दहा मिनिटांनी, असा क्रम ठेवा. फोन उशाला नको. उठून चार पावलं चालावं लागेल असा, चार्जिंगला लावून.

मोठ्या माणसाला निदान सात तास झोप लागते, आणि साडेचारला उठवणाराही माणूसच आहे. साडेनऊला टीव्ही बंद, हा नियम दोघांनाही लागू. संध्याकाळनंतरचा चहा टाळा. झोपेची वेळ एकदम दोन तास मागं आणायला जाऊ नका, रोज पंधरा-वीस मिनिटांनी सरकवा. बूट, बाटली, प्रवेशपत्र, आधार, दाखल्यांची फाईल रात्रीच दाराशी ठेवा. पहाटे ‘आई, माझं अमुक कुठंय?’ हा दुसरा त्रास नको. आणि ज्या दिवशी तिनं उठवलं, त्या दिवशीचं तिचं एक काम तुमच्याकडं घ्या. दूध आणणं, पाणी भरणं, काहीही.

राहता राहिलं रद्द करणं. रात्री पाऊस लागला, मैदानात चिखल झाला, मित्र येत नाही म्हणाला, जायचं नाही असं ठरलं, तर आई झोपण्याआधी तिला जाऊन सांगा. झोपलेली असेल तर तिचा गजर तुम्हीच बंद करा आणि फोनशेजारी चिठ्ठी ठेवा: उद्या नाही जायचं, झोप तू.