माटोळीचा गेम: लहान पोराला पहिला गेम बनवायला शिकवायचाय तर

माझा भाचा चौथीत आहे, गोव्यात फोंड्याला असतो. एकदा म्हणाला मामा मला गेम बनवायचाय, त्यात पंधरा लेव्हल, बंदुका, ड्रॅगन, सगळं पाहिजे. असं कोणी म्हणालं तर नाही म्हणू नका, पण त्या दिवशी कॉम्प्युटरही चालू करू नका. कागद द्या आणि एका वाक्यात लिहायला लावा की खेळणाऱ्याने काय करायचं आणि तो हरणार कसा. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली होती म्हणून त्यालाच सुचलं: वरून माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात ती चौकट) सामान पडतं, नारळ, तोरिंजन (लिंबाच्या जातीचं मोठं फळ), सुपारीचा घोस, ते टोपलीत झेलायचं, तीन खाली पडले की खेळ खलास. बस, एवढाच गेम.

मग स्क्रॅच उघडा. फुकट आहे, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठवाल्यांनी 2007 मध्ये आणलं, ब्लॉक एकमेकांना जोडले की प्रोग्राम तयार. कॉम्प्युटरवर ॲप टाकून घेतलं तर नेट गेलं तरी काम चालतं, आपल्याकडे पावसात हे लागतंच. टोपली आणि फळं त्यालाच काढू द्या, नारळ वांगं दिसला तरी चालेल.

खरी अडचण येते एक्स-वायची, म्हणजे वस्तू स्क्रीनवर आडवी-उभी कुठे आहे ते सांगणाऱ्या आकड्यांची. स्क्रीनच्या मधोमध शून्य, डावीकडे उणे 240, उजवीकडे 240, वर 180, खाली उणे 180. चौथीतल्या पोराला उणे म्हणजे काय ते माहीत नसतं! मी त्याला अंगणात नेलं, तुळशीवृंदावन म्हणजे शून्य, विहिरीकडे पावलं टाकली की अधिक, गोठ्याकडे टाकली की उणे. दहा मिनिटं उड्या मारल्या आणि परत येऊन टोपली बाणाच्या बटणांनी हलवायचं त्याने स्वतः जुळवलं, उजव्याला चेंज एक्स बाय 10, डाव्याला उणे 10.

फळाला फॉरएव्हरच्या (आतलं काम सतत परत परत करणारा ब्लॉक) आत चेंज वाय बाय उणे 5 लावा. वाय उणे 170 च्या खाली गेला की एक जीव कमी करायचा आणि फळ परत वर, एक्स पिक रँडमने (कुठलाही आकडा आपोआप निवडणारा ब्लॉक). टोपलीला टच झालं की स्कोअर एकने वाढवायचा.

इथे आमची एक गंमत झाली, ती तुमचीही होऊ द्या. एक नारळ झेलला आणि स्कोअर एकदम 9 झाला. मला कारण दिसत होतं पण मी गप्प बसलो, माऊसला हात लावला नाही, फक्त विचारलं, नारळ झेलल्यावर तो जातो कुठे? तो बराच वेळ बघत राहिला आणि मग ओरडला, मामा तो टोपलीतच आहे! फॉरएव्हर सेकंदाला साधारण 30 वेळा फिरतो, नारळ टोपलीला चिकटून आहे तोपर्यंत प्रत्येक फेरीला एक गुण. स्कोअर वाढवल्यावर लगेच फळ वर पाठवायचा ब्लॉक त्यानेच लावला. मी सांगून टाकलं असतं तर मिनिटात काम झालं असतं, पण ही गोष्ट त्याची राहिली नसती, म्हणून कळकळीने सांगतो, माऊस पोराच्याच हातात ठेवा.

आता वेगाचं. उणे 5 ने फळ खाली यायला अडीच सेकंदांच्या आसपास लागतात, उणे 12 केलं तर जेमतेम एक. त्याला 12 च पाहिजे होतं कारण स्वतःला सोपं वाटत होतं. मग आजीला खेळायला बसवलं, तिचे तिन्ही जीव टोपली हलायच्या आधीच गेले, ती म्हणाली बाबा मला दिसलंच नाही काय पडलं ते. काही न बोलता त्याने 4 केलं, आणि 10 गुण झाले की वेग वाढवायचा हेही त्याच्याच डोक्यातून आलं. घरातल्या वेगवेगळ्या वयाच्या दोघा-तिघांना तरी खेळायला लावा, तेव्हा पोराने मधे शिकवायचं नाही, नुसतं बघायचं.

आवाज अगदी शेवटी, नाहीतर पोरं दिवसभर आवाजच निवडत बसतात. आमच्या गेममध्ये फळ झेललं की घुमटाचा (आरतीला वाजवतात ते मातीचं वाद्य) ठोका पडतो, तो त्याने चवथीच्या आरतीला स्वतः रेकॉर्ड केलाय, मागे आजीचा टाळही ऐकू येतो.