नवं नेटवर्क गावात येण्याआधी: सिम, स्टार्टर आणि ओटीपीची तयारी

देशात फाइव्ह-जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जीचं उद्घाटन व्हायला मात्र २७ सप्टेंबर २०२५ उजाडलं. तालुक्याच्या गावांत आणि पलीकडच्या वाड्या-वस्त्यांवर या दोन्ही गोष्टी आता मागेपुढे पोचताहेत. टॉवरवर माणसं चढलेली दिसली की लोक मोबाईलच्या दुकानाकडे वळतात. माझं मत विचाराल तर नवा फोन यादीत अगदी शेवटी ठेवा. आधी घरात, दुकानात आणि शेतात जुन्या नेटवर्कवर काय काय चालू आहे ते शोधा, कारण घोडं अडतं ते तिथंच.

सुरुवात विहिरीवरच्या मोबाईल स्टार्टरपासून, म्हणजे फोनवरून मोटर चालू-बंद करणाऱ्या डब्यापासून करा. त्या डब्यात एक सिम आहे हे बसवणारा सोडला तर घरात कुणाला आठवत नाही. यातले बरेच डबे फक्त टू-जी ओळखतात. जिओकडे टू-जी नाहीच, त्यामुळे तिथं जिओचं सिम घालून मोटर सुरू होणार नाही. साधा बटणांचा फोन घेऊन विहिरीवर जा, त्यात एकेका कंपनीचं सिम घालून बघा आणि तिथं खरोखर कुणाची रेंज मिळते ते डब्याच्या झाकणाच्या आतच लिहून ठेवा. सिम कोणाच्या नावावर आहे आणि रिचार्ज कधी संपतं, हेही तिथंच. दुकानातलं कार्ड स्वाइपचं मशीन, गाडीतला जीपीएस यांचीही अशीच चौकशी करा. थ्री-जीचं जुनं डोंगल असेल तर त्याचा विचार सोडून द्या.

आता हातातलं सिम. जिओ आणि एअरटेलचं फोर-जी सिम फाइव्ह-जीला चालतं, बदलावं लागत नाही. म्हणून ‘तुमचं सिम फाइव्ह-जी करायचंय, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो खुशाल कट करा. कंपनीचा माणूस म्हणून कितीही गोड बोलला तरी. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. बीएसएनएलचं टू-जी, थ्री-जीच्या काळातलं सिम मात्र खरंच बदलावं लागतं, आणि ते बीएसएनएलच्या कार्यालयात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे, आधार घेऊन. इथं पुष्कळ घरांत एक गोची निघते: नंबर आई वापरते आणि सिम वारलेल्या वडिलांच्या नावावर. मृत्यूचा दाखला काढून ते आधी नावावर करून घ्या. आपल्या नावावर एकूण किती सिम आहेत ते सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर दिसतं. अनोळखी नंबर निघाला तर तिथूनच कळवता येतं.

सिम बदलण्याचा दिवसही विचार करून ठरवा. नवं सिम चालू झाल्यावर २४ तास त्यावर एसएमएस बंद असतात, येणारेही आणि जाणारेही. फसवणूक रोखण्यासाठीच हा नियम आहे आणि तो चांगला आहे, पण तेवढा वेळ बँकेचा ओटीपी येत नाही. शिवाय बऱ्याच यूपीआय अ‍ॅपना सिम बदलल्याचं कळतं, ती पुन्हा पडताळणीचा एसएमएस पाठवायला लावतात आणि नेमका तोच अडतो. त्यामुळे आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी, पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला किंवा घरात कुणी दवाखान्यात असताना सिम बदलू नका. त्या दिवसापुरती खिशात रोकड ठेवा.

वडीलधाऱ्यांचा फोन असेल तर आणखी एक काम, आणि हे हमखास राहून जातं. त्यांचे नंबर पुष्कळदा फोनमध्ये नसतात, सिममध्ये असतात. जुनं सिम बंद पडायच्या आत ते फोनमध्ये उतरवून घ्या, आणि ‘दूधवाला नवा’, ‘वायरमन २’ अशी नावं आहेत तशीच राहू द्या. तुम्ही नीटनेटकी करायला गेलात तर त्यांना काही सापडणार नाही.

कंपनीच बदलायची असेल तर ते आधी ठरवा. सिम बदललं की सात दिवस पोर्ट करता येत नाही, म्हणजे तोच नंबर ठेवून दुसऱ्या कंपनीकडे जाता येत नाही. शेजारी काय म्हणतो यावर जाऊ नका. खासगी कंपन्यांनी आणि बीएसएनएलने रेंजचे नकाशे आपापल्या संकेतस्थळांवर टाकले आहेत, ते बघा. नकाशात आपल्या घराच्या भिंती नसतात, हे मात्र ध्यानात ठेवा. फाइव्ह-जीचा मोठा भार ३३०० मेगाहर्ट्‌झच्या लहरींवर आहे आणि जाड चिऱ्याच्या भिंतीतून त्या माजघरापर्यंत येता येता दमतात. ७०० च्या लहरी दूरवर आणि आतपर्यंत जातात, पण वेग कमी. घरी फायबर असेल तर फोनमधलं वायफाय कॉलिंग, म्हणजे वायफायवरून बोलायची सोय, चालू करा, निम्मी तक्रार मिटेल.

फोन घ्यायचाच झाला तर बीएसएनएलवाल्यांनी बँड २८ (७०० च्या लहरींवरचं फोर-जी) विचारावा, जिओवाल्यांनी एन२८ आणि एन७८ (७०० आणि ३३०० च्या लहरींवरचं फाइव्ह-जी). दुकानदार ‘सगळं चालतंय’ म्हणेल. खोक्यावरचं मॉडेल बघून कंपनीच्या संकेतस्थळावर खात्री करा. अमेरिकेतल्या भाच्याने आयफोन आणायचं कबूल केलं असेल तर त्याला आधीच सांगा की १४ पासूनच्या तिकडच्या आयफोनला सिमची जागाच नसते, ई-सिम म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणारं सिम लागतं. फोन आल्यावर सेटिंगमध्ये व्हीओएलटीई (फोर-जीवरूनच बोलायची सोय) चालू आहे ना बघा, नाहीतर फोर-जी येऊनही बोलणं जुन्याच नेटवर्कवर होत राहील.

रिचार्जचंही तपासा. जुलै २०२४ च्या दरवाढीपासून जिओ-एअरटेलने अमर्याद फाइव्ह-जी रोजच्या दोन जीबीच्या किंवा त्यावरच्या प्लॅनलाच ठेवलं. गावाबाहेर पडून फोन फोर-जीवर उतरला की रोजचा डेटा मोजायला लागतो.

टॉवर सुरू झाला की अंगणात, माजघरात आणि दुकानात, सकाळी आणि रात्री नऊच्या सुमाराला वेग मोजून लिहून ठेवा. सकाळी झकास आणि रात्री ठप्प, असं असेल तर फोनचा दोष नाही. टॉवरवर गर्दी आहे किंवा त्याला मागून येणारी लाइन अपुरी आहे. १९८ वर तक्रार करताना वेळेसकट आकडे सांगा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. जुन्या कंपनीचं दुसरं सिम एक पावसाळा तरी चालू ठेवा: वीज गेल्यावर नव्या टॉवरची बॅटरी किती तास तग धरते, आणि रस्त्याच्या कामावरचा जेसीबी फायबर कितीदा तोडतो, हे तेव्हाच कळेल.