छोट्या धंद्याला हात देताना या चुका टाळा

भुसावळात रुळांपलीकडच्या वस्तीतल्या धंदेवाल्यांची कागदपत्रं मी जमवून देते. गाडीवाले, शिलाईवाल्या, पंक्चरवाले. सगळ्यांचं मागणं एकच, "ताई, कर्ज मिळवून द्या." आधी मीही तेवढंच करायचे, आणि तिथेच चुकत होते.

घर आणि धंदा एकाच डब्यात

भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी विकणाऱ्या एका मावशींच्या गाडीवर हिवाळ्यात गर्दी हटत नाही. तरी त्या म्हणाल्या, "धंदा बरा शे, पन हातमा पैसा ऱ्हात नही." एका संध्याकाळी मी गाडीपाशीच बसून राहिले. नोटा पिठाच्या रिकाम्या डब्यात. त्यातूनच वांगीवाल्याचे गेले, नातवाच्या वहीचे गेले, मग गॅस, भिशी, शेजारणीला उसने दोनशे. रात्री तळाला जे राहिलं ती कमाई. कर्ज आणलं असतं तर तेही त्याच डब्यातून गेलं असतं.

दोन डबे केले. मावशींनी स्वतःची रोजची मजुरी अडीचशे ठरवली, तेवढीच घरच्या डब्यात टाकायची. बाकी सगळं नातू वहीत लिहायचा. पंधरा दिवसांत दिसलं की भाकरीवर चार पैसे सुटतात, पण तेल आणि शेंगदाणे महागल्यापासून भरितावर काहीच उरत नव्हतं. ताटामागे दहा रुपये वाढवले. गिऱ्हाईक तुटलं नाही.

धंद्याला मदत करायची असेल तर आधी महिनाभराची ही वही करून घ्या. कर्ज किती लागेल, लागेल तरी का, ते तिच्यातच दिसतं.

"हजारच तर जातात"

सावकाराचं रोजच्या हप्त्याचं कर्ज असं असतं: कागदावर दहा हजार, हातात नऊ, आणि शंभर दिवस रोज शंभर रुपये. हे ऐकायला स्वस्त वाटतं. पण मुद्दल रोज फिटत असतं, म्हणजे पूर्ण नऊ हजार शंभर दिवस तुमच्याकडे नसतातच. वर्षाच्या हिशेबाने हे व्याज 75 टक्क्यांच्या वर जातं. मी हे पाटीवर मांडून दाखवते, तोंडी सांगून पटत नाही.

फेरीवाल्यांसाठी जून 2020 पासून पीएम स्वनिधी ही सरकारी कर्जयोजना आहे. 2025 मधल्या बदलानंतर पहिलं कर्ज 15 हजारांपर्यंत, वेळेत फेडलं तर 25 आणि मग 50 हजार, शिवाय व्याजावर 7 टक्के अनुदान. पालिकेच्या सर्वेक्षणात नाव नसेल तर शिफारसपत्र मागता येतं. हे माहीत नसल्याने कितीतरी जण अर्जच करत नाहीत. दुकान किंवा घरगुती उद्योग असेल तर मुद्रा या सरकारी कर्जयोजनेच्या शिशु गटात 50 हजारांपर्यंत कर्ज विनातारण मिळतं.

अर्ज परत आला की गप्प बसणं

कारण लेखी मागा. बऱ्याचदा ते क्षुल्लक निघतं: आधारवर सासरचं नाव, पासबुकावर माहेरचं. कधी बचत गटाचं जुनं कर्ज फिटलेलं असतं, पण सिबिलवर, म्हणजे बँका बघतात त्या कर्जफेडीच्या नोंदीत, थकीत दिसतं. गटाकडून फेडल्याचा दाखला घेऊन आधी ते दुरुस्त करा, मगच दुसऱ्या बँकेत जा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर शॉप अॅक्टखाली (दुकानं-आस्थापनांच्या कायद्याखाली) नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना पुरते.

उन्हाळा विसरणं

भरिताची वांगी हिवाळ्याची, आणि इथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. कर्जाचा हप्ता मात्र तोच. मावशी आता मार्चपासून बिबडे (ज्वारीचे पापड) आणि उडदाचे पापड करतात आणि डिसेंबर-जानेवारीतच उन्हाळ्यातल्या दोन हप्त्यांचे पैसे बाजूला टाकतात.

वस्तू देऊन मोकळं होणं

हे मदत करणाऱ्यांसाठी. वस्तीत वाटपातून आलेल्या तीन शिलाई मशीन धूळ खात पडल्या आहेत. बायकांना शिवता येतं, पण कापड आणायला पैसे नाहीत आणि काम देणारं कुणी नाही. आता कुणी मशीन द्यायची म्हटलं की मी सांगते, मशीन आहेत. जूनच्या आधी एखाद्या शाळेच्या गणवेशाचं काम मिळवून द्या.