गाडी चालता चालता बंद पडते? सेन्सर बदलण्याआधी या चुका टाळा

घाट चढून आल्यावर टोलनाक्याच्या रांगेत गाडी गपकन बंद पडते. पंधरा-वीस मिनिटं बॉनेट उघडून ठेवलं की पहिल्याच सेल्फला चालू होते. गॅरेजात नेली की मात्र दिवसभर सुतासारखी सरळ. मग स्कॅनर लागतो, एक कोड (बिघाडाचा सांकेतिक क्रमांक) निघतो, त्या नावाचा सेन्सर बदलला जातो आणि पुढच्या घाटात गाडी पुन्हा बंद. सेन्सर इंजिन बंद पाडतात यात शंका नाही. पण कुठला सेन्सर, आणि मुळात सेन्सरच का, हे ठरवताना घाई होते.

कोडलाच निकाल समजणे

पी०३३५ हा कोड म्हणजे ‘क्रँक सेन्सर (इंजिनच्या मुख्य दांड्याचे, म्हणजे क्रँकचे, फेरे मोजणारा) गेला’ असं नाही. त्या सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे, एवढंच ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, कळलेलं असतं. सर्किटमध्ये सेन्सर आला, कप्लर (वायर जोडणारा प्लग) आला, ईसीयूपर्यंतची वायर आणि अर्थिंगही आलं. पी०१७१ तर कुठल्या पार्टचं नावच घेत नाही. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, इतकंच तो सांगतो. इनटेकचा (हवा आत नेणारा) चिरलेला होस, कमी प्रेशर देणारा पंप किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा), तिन्हींपैकी कशानेही तो येतो.

सगळ्यात महागात पडतो तो पी००१६. क्रँक आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ बसत नाही, असा त्याचा अर्थ. टायमिंग चेन ताणली गेली असेल किंवा बेल्ट एखादा दात सरकला असेल तरीही हाच कोड येतो. दोन्ही सेन्सर नवे घालून गाडी तशीच दामटली, तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग हेड उघडण्याशिवाय इलाज नसतो.

कोड दिसताच बॅटरीचं टर्मिनल काढून तो पुसून टाकायची सवयही वाईट. कोडबरोबर त्या क्षणाचे आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), इंजिनचं तापमान, वेग अशा नोंदी साठवलेल्या असतात; त्यालाच फ्रीझ फ्रेम म्हणतात. सगळ्यात मोलाचा पुरावा तोच. आधी त्याचा फोटो काढा. २०१३ नंतर आपल्याकडे विकल्या गेलेल्या बहुतेक मोटारींत डॅशबोर्डखाली सोळा पिनांचा सॉकेट असतो. स्वस्तातला ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टरही हे मोबाइलवर दाखवतो.

बंद ‘कशी’ पडली, हे न विचारणे

मालक सांगतो, ‘बंद पडते’ आणि मेकॅनिक कामाला लागतो. खरं तर निम्मं निदान इथेच दडलेलं असतं.

गाडी गिअरमध्ये धावत असतानाच टॅकोमीटरचा काटा एकदम शून्यावर आपटला, तर क्रँकचा सिग्नल तुटल्याची शक्यता मोठी. चाकं इंजिनला फिरवत असतात, तरी ईसीयूला फेरे दिसत नाहीत. डॅशबोर्डवरचं सगळंच विझलं असेल, तर इग्निशन स्विच, मेन रिले किंवा बॅटरीचं टर्मिनल पाहा. आधी धक्के, मग रेस न घेणं आणि शेवटी बंद, असा क्रम असेल तर बहुधा पेट्रोल पोहोचत नाही. फक्त सिग्नलला आयडलिंगवर बंद पडत असेल तर थ्रॉटल बॉडीत (हवा आत सोडणाऱ्या झडपेत) साचलेला कार्बन, व्हॅक्यूमची गळती, उघडाच अडकलेला ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि एअरफ्लो किंवा एमएपी (इनटेकमधला दाब मोजणारा) सेन्सर यांच्याकडे आधी वळा.

सकाळी गार असतानाच बंद पडते? स्कॅनरवर कूलंटचं तापमान वाचा. रात्रभर उभ्या गाडीत ते बाहेरच्या हवेइतकंच असायला हवं. ते उणे ४० दाखवत असेल तर महाराष्ट्रात तरी ते खरं असणं शक्य नाही: वायर तुटलीय किंवा कप्लर निघालाय.

क्रँक सेन्सर गार असताना तपासणे

घाटातल्या त्या गाडीचा गुन्हेगार बरेचदा हाच असतो. सेन्सर इंजिनच्या ब्लॉकला चिकटून बसतो. तापला की आतली कॉइल किंवा चिप दगा देते, गार झाला की पुन्हा शहाणा. टेबलावर काढून मोजला की आकडे उत्तम! म्हणून तपासायचं ते बंद पडल्याच्या क्षणी. सेल्फ मारताना स्कॅनरच्या लाइव्ह डेटात आरपीएम पाहा. सेल्फ व्यवस्थित फिरतोय आणि स्क्रीनवर शून्य, म्हणजे सिग्नल येत नाही. दीड-दोनशे दिसत असतील तर क्रँक सेन्सरला सोडा आणि दुसरीकडे बघा.

इथेच एक सापळा आहे. क्रँकचा सिग्नल नसला की ईसीयू पेट्रोल पंपही चालवत नाही. मेकॅनिकला पंपाला करंट दिसत नाही, म्हणून तो पंप किंवा रिले बदलतो. तोवर इंजिन गार होतं, गाडी चालू होते आणि सगळ्यांना वाटतं, पंपच होता.

मोजण्याचीही पद्धत आहे. दोन वायरींचा चुंबकीय सेन्सर ओहममध्ये मोजता येतो. तीन वायरींचा बहुतेक वेळा हॉल प्रकारचा (आत चिप असलेला) असतो. त्याला ओहम लावून काहीच कळत नाही, उलट मीटरच्या व्होल्टेजने तो बिघडूही शकतो. तिथे इग्निशन ऑन करून सप्लाय (५ किंवा १२ व्होल्ट) आणि अर्थिंग आहे ना ते पाहायचं, मग इंजिन फिरताना सिग्नल वर-खाली होतो का ते.

एकदम चार कोड आले म्हणून चार सेन्सर मागवणे

चार सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. ईसीयू अनेक सेन्सरांना एकाच ५ व्होल्टच्या लाइनवरून सप्लाय देतो. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचं व्होल्टेज कोसळतं. कित्येकदा तो असतो एसीचा प्रेशर सेन्सर, ज्याच्यावर कुणाचा संशयही जात नाही. एकेक कप्लर काढत जा आणि ५ व्होल्ट कधी परत येतात ते बघा.

ऑक्सिजन सेन्सर मात्र उगाच बदनाम आहे. तो बिघडला की मायलेज पडतं, चेक लाइट लागते. चालतं इंजिन तो बंद पाडतो असं विरळा.

वायरिंगकडे दुर्लक्ष आणि भलते स्प्रे

पावसाळ्यात बॉनेटखाली आसरा घेणारे उंदीर, किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने हिरवट पडलेल्या पिना, वॉशिंग सेंटरवर प्रेशरने मारलेलं पाणी. यातलं काहीही सेन्सरसारखीच लक्षणं दाखवतं. इंजिन आयडलिंगवर ठेवून, फिरत्या बेल्टपासून हात लांब ठेवून, वायरिंग थोडं थोडं हलवा. एका जागी इंजिन लटपटलं की जागा सापडली. अर्थिंगसाठी इंजिन चालू असताना ब्लॉक आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात व्होल्टेज मोजा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करा.

एअरफ्लो सेन्सरवर कार्ब क्लीनर किंवा ब्रेक क्लीनर मारू नका. त्याची तार नाजूक असते. त्याच्यासाठीचा वेगळा स्प्रे मिळतो. आणि अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत हा सेन्सर नसतोच, एमएपीवर काम चालतं. तेव्हा शोधत बसण्याआधी आपल्या गाडीत काय आहे ते पाहा.

पार्ट बसवला की ‘झालं’ म्हणणे

डबीवर कंपनीचं नाव छापलेले नकली सेन्सर बाजारात आहेत. नवा क्रँक सेन्सर महिनाभरात तीच खोड करू लागला, तर आधी तो कुठून आला ते विचारा. जुना काढताना त्याच्या टोकाला लोखंडाची भुकटी चिकटलीय का तेही बघा, कारण ती येते कुठून तरी. काही गाड्यांना नवा सेन्सर किंवा साफ केलेली थ्रॉटल बॉडी स्कॅनरवरून शिकवावी लागते. ते राहिलं की आयडलिंग पुन्हा डळमळतं.

शेवटची चाचणी गॅरेजच्या दारात होत नाही. गाडी पूर्ण तापू द्या, एसी लावा, चढावर न्या, मग रहदारीत उभी करा आणि मोबाइलवर आरपीएमचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. वाटेत बंद पडलीच तर चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. ब्रेक एकदाच दाबून धरा, कारण बूस्टरमधला व्हॅक्यूम एक-दोन दाबांपुरताच उरलेला असतो. हॅझार्ड लाइट लावून कडेला घ्या आणि गार व्हायच्या आत सेल्फ मारून स्क्रीनवरचा आकडा वाचा.