डॅफोडिलची पानं कापायची घाई नको: या चुका टाळा

ब्रिटनमधल्या बागांत डॅफोडिलचा (कंदातून उगवणाऱ्या, वसंतात फुलणाऱ्या पिवळ्या फुलाचा) बहर ओसरला की मागे उरतो तो लोळलेल्या, लांबलचक पानांचा पसारा. मे महिन्यात तो डोळ्यांना खुपतो हे खरं, पण पुढच्या वर्षीची फुलं याच पसाऱ्यावर अवलंबून असतात. पानं उन्हात अन्न तयार करून कंदात साठवतात, आणि ती हिरवी असतानाच पुढच्या हंगामाची कळी कंदाच्या पोटात धरू लागते. फुलं गेल्या गेल्या पानं छाटली तर कंद रोडावतो आणि पुढच्या मार्चमध्ये नुसती पानंच येतात.

म्हणून फुलं सुकल्यापासून निदान सहा आठवडे पानांना हात लावू नका. पानं पिवळी पडून हलक्या ओढीनं सुटू लागली, की काम झालं.

पानांची वेणी घालणं, गाठ मारणं, रबर लावणं

वाफा नीटनेटका दिसावा म्हणून हे हौसेनं केलं जातं, पण नुकसान होतंच. दुमडलेल्या पानांना ऊन कमी मिळतं आणि पिचलेल्या पानातून अन्न कंदापर्यंत नीट उतरत नाही. पसारा झाकायचाच असेल तर कंदांच्या पुढे डे-लिली, होस्टा किंवा हार्डी जिरेनियम लावा. डॅफोडिल पिवळं पडायला लागेपर्यंत यांची पालवी पुरेशी वाढलेली असते.

सुकलेलं फूल तसंच ठेवणं

फुलामागची फुगीर हिरवी गाठ म्हणजे बीजकोष. बी धरण्यात कंदाची ताकद जाते, म्हणून ती गाठ फुलासकट चिमटीनं खुडा. दांडा मात्र राहू द्या, तोही हिरवा असेपर्यंत अन्न बनवतो. स्नोड्रॉप आणि ब्लूबेल या कंदाच्याच फुलझाडांना हा नियम नाही. ती बी पडून पसरायला हवी असतील तर खुडूच नका.

हिरवळीवर लवकर मशीन फिरवणं

गवतातल्या कंदांभोवती सहा आठवडे गवत वाढू द्या. ते फारच गबाळं वाटलं तर मधून एक पायवाट कापा. कडा रेखीव दिसल्या की वाढलेलं गवतही मुद्दाम राखल्यासारखं वाटतं.

कुंडीचं पाणी तोडणं

फुलं संपली की कुंडी कोपऱ्यात जाते आणि पाणी बंद होतं. पानं अकाली वाळतात, कंद अर्धपोटी राहतो. पानं पिवळी पडेपर्यंत पाणी द्या, आणि टोमॅटोच्या झाडांसाठी मिळणारं पालाशयुक्त (पोटॅशियमचं) द्रवखत डब्यावरच्या प्रमाणात पातळ करून आठवड्यातून एकदा घाला. नत्र जास्त असलेलं खत टाळा, त्यानं पानंच माजतात. (महाराष्ट्रात कुंडीत मे फ्लॉवर लावणाऱ्यांनीही हेच पाळावं. त्याची पानं पावसाळाभर कंद पोसतात, ती आपसूक पिवळी होईपर्यंत कापू नयेत.)

सगळं पाळूनही फूल नाही?

जूनमध्ये पानं पिवळी पडताना पूर्ण झुबका खणून काढा. कंद एकमेकांना चिकटून दाटले असतील तर हातानं सोडवा आणि 15 सेंटिमीटर खोल, तितक्याच अंतरावर पुन्हा लावा. उथळ लावलेले कंद फुटून बारीक होत जातात, त्यांनाही हाच उपाय. प्रत्येक कंद बोटांनी दाबून बघा. मऊ लागला तर फेकून द्या: आत बुरशीची कूज असते, नाहीतर नार्सिसस माशीची जाडजूड अळी. वाळलेल्या पानांच्या जागी जमिनीत भोक राहतं, आणि ही माशी तिथेच, कंदाच्या मानेशी अंडी घालते. पानं काढल्यावर ती भोकं मातीनं दाबून बुजवा.

ट्यूलिपचं गणित वेगळं. बहुतेक संकरित जाती दुसऱ्या वर्षी मंदावतात. पानं पिवळी पडली की कंद काढून सुकवा, जाळीच्या पिशवीत कोरड्या जागी टांगा आणि नोव्हेंबरमध्ये लावा.

डॅफोडिल हाताळताना हातमोजे घाला, चिकानं कातडीला खाज सुटते. त्याचे कंद विषारी आहेत आणि हुबेहूब कांद्यासारखे दिसतात. काढलेले कंद स्वयंपाकघरात ठेवू नका, आणि पिशवीवर ठळक नाव लिहा.